टेस्ट फिक्स्चर, उच्च वारंवारतेचे

समाक्ष कनेक्टर नसलेला घटक (उदा., चिप धारित्र, ट्रान्झिस्टर) व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझरला (घटकातून पार जाणारे व परतणारे संकेत मोजणाऱ्या उपकरणाला) जोडणारी मध्यस्थ रचना. कमी वारंवारतेला ती नगण्य मानता येते. गिगाहर्ट्झ पट्ट्यात ती मापनाचाच भाग बनते. 1 मिमी लांबीच्या बारीक तारेचे प्रवर्तकत्व ढोबळमानाने 1 नॅनोहेन्री धरतात. 10 गिगाहर्ट्झला तिचा रिॲक्टन्स (प्रवर्तकत्वामुळे होणारा विरोध) सुमारे 63 ओहम, म्हणजे मापनव्यवस्थेच्या 50 ओहम संरोधाहूनही (इम्पीडन्सहूनही) जास्त होतो.

हा 50 ओहमचा आकडा कसा रूढ झाला याविषयी मतभेद आहेत. हवाभरित समाक्ष वाहिनीत जास्तीत जास्त शक्ती सुमारे 30 ओहमला वाहते, तर ऱ्हास (वाटेत होणारा शक्तिक्षय) किमान असतो सुमारे 77 ओहमला. 50 ही त्यांतील तडजोड, हे मत अधिक प्रचलित आहे. पॉलिथिलीन भरलेल्या केबलीत मात्र किमान ऱ्हासाचा संरोधच 51 ओहमच्या आसपास येतो, हे तडजोडीच्या मताचे समर्थक सहसा लक्षात घेत नाहीत.

फिक्स्चरचा परिणाम वजा करण्यासाठी संदर्भ-प्रतल (जेथून मापन सुरू झाले असे धरतात ती जागा) कनेक्टरपासून घटकाच्या टोकांपर्यंत सरकवावे लागते. 1979 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधील एंगेन व होअर यांनी मांडलेली थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन पद्धत (थेट जोडणी, परावर्तक व वाहिनीचा तुकडा ही तीन प्रमाणे, म्हणजे कॅलिब्रेशनचे संदर्भ-नमुने, मोजणारी) यासाठी विशेष सोयीची ठरली, जरी ती मुळात दुहेरी सिक्स-पोर्ट ॲनालायझरसाठी (वेगळ्या प्रकारच्या नेटवर्क ॲनालायझरसाठी) होती. तीत परावर्तकाचे नेमके मूल्य ठाऊक असावे लागत नाही. दोन्ही पोर्टांवर (जोडटोकांवर) ते सारखे असले की पुरते. संदर्भ संरोध लाइनच्या लक्षण-संरोधावरून (तिच्या रचनेने ठरणाऱ्या संरोधावरून) ठरतो. म्हणून ती लाइन फिक्स्चरच्याच बोर्डावर, त्याच रुंदीची कोरतात. थ्रू व लाइन यांतील कलाफरक (फेजमधील फरक) 20 ते 160 अंशांत राखायचा असल्याने एका लाइनवर 8:1 एवढाच वारंवारता-पट्टा मिळतो. रुंद पट्ट्याला अनेक लाइनी लागतात, आणि कमी वारंवारतेला त्या गैरसोयीच्या लांबीच्या होतात. तेथे लाइनऐवजी मॅच (संरोधाशी जुळणारा भार) वापरतात.

यातील प्रत्येक प्रमाणाचे कनेक्टर व त्यांपासून बोर्डावरील वाहक पट्टीकडे जाणारी संक्रमणे एकसारखी आहेत, असे गृहीत असते. प्रत्यक्षात सोल्डर आणि भू-व्हायांची (बोर्डाच्या थरांना भूशी जोडणाऱ्या छिद्रांची) जागा थोडी बदलली तरी उरलेली चूक घटकाच्या नावावर जमा होते. व्हाया संक्रमणालगत व दाट ठेवणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय. फिक्स्चरचे दोन भाग घटकाविना थेट जोडलेली रचना मोजून ती गणिताने मध्यावर दुभागण्याची रीत नंतर पुढे आली. 2020 च्या आयईईई 370 मानकात 50 गिगाहर्ट्झपर्यंतच्या अशा मापनांचा विचार आहे. वेफरवरील (अर्धवाहक चकतीवरील) घटकांना टेकवायच्या प्रोबसाठी कॅलिब्रेशनची प्रमाणे वेगळ्या आधारपट्टीवर असतात.