विजोड ग्राफिक्स कार्डांची जोडी

वेगळ्या ताकदीची, पिढीची किंवा कंपनीची दोन ग्राफिक्स कार्डे, म्हणजे पडद्यावरचे चित्र काढणारी कार्डे, एकाच संगणकात बसवून दोघांकडून काम काढणे, म्हणजे विजोड जोडी. विदर्भात तालुक्याच्या गावातले लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करणारे स्टुडिओ आणि घरी गेम खेळणारी पोरे हा उद्योग करतात. तो बहुतेक वेळा ठरवून होत नाही. नवे कार्ड येते, जुन्याला गिऱ्हाईक मिळत नाही आणि मदरबोर्डवर एक स्लॉट रिकामा दिसतो. मग ‘लावून तर पाहू’.

एका कार्डाची आठ जीबी मेमरी आणि दुसऱ्याची चार जीबी मिळून बारा जीबी, असा हिशेब त्यामागे असतो. गेमपुरता तो चुकीचा आहे. दोन कार्डे जुंपण्याची कल्पना १९९८ साली थ्रीडीएफएक्सच्या वूडू २ कार्डांनी एसएलआय या नावाने रुजवली. पडद्यावरच्या सम ओळी एक कार्ड काढायचे, विषम ओळी दुसरे. एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीने २००४ मध्ये एसएलआय हे नाव पुन्हा वापरात आणले, पण दोन्ही कार्डांवर एकच चिप हवी ही अट ठेवली. एटीआय (पुढे एएमडीने घेतलेली कंपनी) हिचे २००५ चे क्रॉसफायर थोडे सैल होते, त्यात एकाच घराण्यातली लहानमोठी कार्डे चालत. पण एक चित्र याने, पुढचे त्याने, अशी पाळी लावली की वेगवान कार्ड मंद कार्डासाठी खोळंबते. शंकरपटात एक बैल चपळ आणि दुसरा थकलेला असला की जोडी थकलेल्याच्याच चालीने जाते, तसेच हे. शिवाय प्रत्येक कार्डाला गेमच्या चित्रांचा सगळा मालमसाला स्वतःजवळ ठेवावा लागतो, म्हणून मेमरीची बेरीज होत नाही. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने (गेम आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने) दोन कंपन्यांची कार्डे एकत्र चालवायची सोय केली खरी, पण सगळी मेहनत गेम बनवणाऱ्यावर टाकली. ती मोजक्यांनीच केली.

जू काढून दोघांना वेगवेगळे काम दिले, की हीच जोडी कामाची ठरते. ब्लेंडर या थ्रीडी चित्रे बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडरमध्ये (अंतिम चित्र काढण्यात) प्रत्येक कार्ड आपल्या वाट्याचा तुकडा काढते, त्यामुळे मंद कार्डाचाही थोडा हातभार लागतो. मात्र सगळे दृश्य प्रत्येकाच्या मेमरीत मावले पाहिजे. घरच्या संगणकावर भाषेचे एआय मॉडेल चालवताना त्याचे थर दोन कार्डांत वाटून देता येतात. तिथे मात्र मेमरीची बेरीज खरोखर होते, वेग कमी पडला तरी. सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत शहाणा उपयोग म्हणजे जुन्या कार्डावर दुसरा मॉनिटर लावणे. एकीकडे अल्बमचे पान, दुसरीकडे फोटोंचे फोल्डर.

अडचण ड्रायव्हरपासून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून, सुरू होते. एनव्हिडियाची दोन कार्डे एकाच ड्रायव्हरवर चालावी लागतात. जीटी ७१० हे जुने कार्ड ज्या पिढीचे आहे, त्या केप्लर पिढीला २०२१ मध्ये ड्रायव्हरच्या ४७० क्रमांकाच्या मालिकेनंतर नव्या ड्रायव्हरांतून वगळले. आरटीएक्स ३०६० या नव्या कार्डाशेजारी ते ठेवायचे तर जुन्या ड्रायव्हरवरच अडकून राहावे लागते. एक एनव्हिडिया आणि एक एएमडी, ही जोडी उलट कमी कुरकुर करते.

पुढचा प्रश्न विजेचा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आठ पिनच्या वायरमधून १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, जीटीएक्स १०५० टीआयला ७५. त्यात ६५ वॅटचा प्रोसेसर धरला की ३१० झाले, मॉनिटर वेगळा. स्टुडिओत सहसा दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. रेंडर चालू असताना लाइट गेली की तो टूं टूं करत बसतो आणि वरातीचा अर्धा भाग पुन्हा काढावा लागतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ही जोडी लावूच नये.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. एकाखाली एक बसलेल्या कार्डांत वरचे कार्ड खालच्याची गरम हवाच ओढते. त्यावर खोलीतला कूलर ओलसर हवा मारतो, मग पंख्यावरची धूळ चिकट होऊन बसते. जिनिंगजवळच्या दुकानांत हिवाळ्यात आणखी एक भानगड असते. कापसाचे बारीक तंतू कार्डाच्या पत्र्यांत अडकून वाकळीसारखा थर धरतात. तो ब्लोअरने नीट निघत नाही. पंख्याचे पाते बोटाने धरून दात घासायच्या जुन्या ब्रशने सोडवावा लागतो, तोही खालचे कार्ड बाहेर काढून.