बिट इंटरलिव्हिंग

बिट इंटरलिव्हिंग : डिजिटल प्रसारणात बिट पाठवण्यापूर्वी त्यांचा क्रम ठरावीक नियमाने बदलायचा आणि टीव्हीत किंवा सेट-टॉप बॉक्समध्ये तो पुन्हा पूर्ववत लावायचा, ही पद्धत. तिच्यामुळे वाटेत एकाच जागी झालेले नुकसान दूरदूर विखुरले जाते. यात एकही जादा बिट जोडला जात नाही आणि एकही चूक दुरुस्त होत नाही. दुरुस्ती करतो तो एरर करेक्शन कोड, आधीच जोडलेल्या जादा बिटांच्या आधाराने. त्याला पेलतील अशा रूपात चुका त्याच्यापुढे मांडण्याचे काम इंटरलिव्हिंगचे.

हवेतून येणारा सिग्नल एकसारखा बिघडत नाही. दुचाकीच्या स्पार्क प्लगची ठिणगी, फ्रिज किंवा मिक्सर सुरू-बंद होताना उठणारा झटका, समोरच्या इमारतीवर आपटून आलेल्या लहरींमुळे काही वारंवारतांवर पडलेला खड्डा, अशा वेळी सलग अनेक बिट एकदम जातात. यालाच बर्स्ट एरर म्हणतात. अॅनालॉग प्रसारणाच्या काळात घरासमोरून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्याठिपक्यांच्या आडव्या रेघा उमटायच्या. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांनी हा झटका प्रत्यक्ष पाहिला आहे. तेव्हा चित्र निदान चालू राहायचे. डिजिटलमध्ये कोडची ताकद संपली की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, पडदा गोठतो.

‘आजीबाई अंगणात फुलझाडे लावतात’ हे वाक्य घेऊ. चार शब्द, प्रत्येकात चार अक्षरे. ते जसेच्या तसे पाठवले आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंतची चार अक्षरे गेली, तर ‘अंगणात’ हा अख्खा शब्द जाईल आणि तो ओळखायला काही खूण उरणार नाही. आता शब्द एकाखाली एक लिहून अक्षरे उभी वाचू : आ अं फु ला, जी ग ल व, बा णा झा ता, ई त डे त. याच क्रमाने पाठवताना ‘जी ग ल व’ गेले, तर परत लावल्यावर हाती येते ‘आ_बाई अं_णात फु_झाडे ला_तात’. नुकसान तेवढेच, चार अक्षरांचे, पण वाक्य कोणालाही वाचता येते. इथे वाचक जे भाषेच्या ओळखीने करतो, ते प्रसारणात कोड गणिताने करतो.

युरोपात 1997 साली प्रमाणित झालेल्या डीव्हीबी-टी या हवेतून होणाऱ्या डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत ही सरमिसळ एकाहून अधिक थरांत होते. आधी 188 बाइटांच्या प्रत्येक पॅकेटला रीड-सोलोमन कोडचे 16 बाइट जोडतात; एकूण 204 बाइटांपैकी कोणतेही 8 बिघडले तरी ते दुरुस्त होतात. मग बाइट 12 शाखांत आळीपाळीने वाटतात. पहिल्या शाखेत विलंब शून्य, पुढे प्रत्येकीत 17 बाइटांच्या टप्प्याने वाढत जाणारा. 12 गुणिले 17 बरोबर 204, त्यामुळे पॅकेटच्या तोंडाशी असलेला, त्याची सुरुवात दाखवणारा सिंक बाइट दर वेळी विलंब नसलेल्या शाखेतूनच जातो आणि त्याच्या आधाराने टीव्हीला बाकीच्यांचा क्रम लावता येतो. शेजारच्या बाइटांत किमान 205 जागांचे अंतर पडते. सलग 96 बाइट बिघडले तरी कोणत्याही एका पॅकेटच्या वाट्याला आठांहून जास्त चुका येत नाहीत.

यानंतर आतला कॉन्व्होल्यूशनल कोड, म्हणजे बिटांच्या सलग प्रवाहावर चालणारा दुसरा दुरुस्ती कोड, लागतो आणि मग बिटांची पाळी येते. 64-क्वॅममध्ये, म्हणजे एका वाहक लहरीवर एका वेळी सहा बिट लादण्याच्या पद्धतीत, बिट सहा प्रवाहांत वाटून प्रत्येक प्रवाहातले 126 बिटांचे गट चक्राकार सरकवतात : पहिला आहे तिथेच, दुसरा 63 जागा, तिसरा 105, असे. इतका खटाटोप कशासाठी? एक वाहक लहर खराब झाली की तिच्यावरचे सहाही बिट एकत्र धोक्यात येतात. शिवाय हे सहा बिट सारखे दणकट नसतात. दोन बऱ्यापैकी टिकतात, शेवटचे दोन थोड्या गोंगाटानेही उलटतात. सरकवल्यामुळे कोडमधले शेजारी बिट वेगवेगळ्या वाहकांवर जातात, आणि पुढच्या टप्प्यात हजारो वाहक वापरणाऱ्या 8के पद्धतीत 6048 वाहकांवर आणखी विखुरतात. हे करूनही आतला कोड उलगडणारा व्हिटर्बी डिकोडर कधी चुकतोच, आणि चुकला की सलग चुकतो. त्याच्या या सलग चुका फोडण्यासाठी वरचे बाइट इंटरलिव्हिंग उपयोगी पडते.

मात्र डीव्हीबी-टीतले बिट इंटरलिव्हिंग एका ओएफडीएम सिम्बॉलच्या, म्हणजे सर्व वाहकांवर एकदम पाठवलेल्या बिटांच्या एका हप्त्याच्या, आतच संपते. 8 मेगाहर्ट्झच्या चॅनलवर या सिम्बॉलचा उपयुक्त काळ 8के पद्धतीत 896 मायक्रोसेकंद, कमी वाहकांच्या 2केमध्ये अवघा 224. जोरदार झटका पूर्ण सिम्बॉलभर टिकला तर विखरायला जागाच उरत नाही. ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. ब्रिटनमध्ये 1998 साली 2के पद्धतीने प्रसारण सुरू झाले आणि घरगुती उपकरणांच्या, वाहनांच्या झटक्यांनी प्रेक्षक हैराण झाले. 2002 मध्ये काही मल्टिप्लेक्स (एकत्र पाठवलेले वाहिन्यांचे गट) 64-क्वॅमवरून एका वेळी चारच बिट लादणाऱ्या 16-क्वॅमवर आणावे लागले, म्हणजे भक्कमपणासाठी वाहिन्यांची जागा सोडावी लागली.

डीव्हीबी-टीची पुढची आवृत्ती असलेल्या डीव्हीबी-टी2 मध्ये ही उणीव भरून काढली आहे. तिथे एलडीपीसी या दुरुस्ती कोडचा 64,800 बिटांचा गट 64-क्वॅमसाठी 12 स्तंभांत उभा लिहून आडवा वाचतात, आणि पुढे वेळेतले इंटरलिव्हिंग तो कित्येक मिलिसेकंदांवर पसरवते. दूरदर्शनने 2016 साली मुंबई, औरंगाबादसह 16 शहरांत याच पद्धतीने डिजिटल प्रसारण सुरू केले.

शाखांच्या विलंबावर चालणाऱ्या इंटरलिव्हरची मांडणी रॅमसे यांनी 1970 मध्ये आणि डेव्हिड फॉर्नी यांनी 1971 मध्ये केली. सरमिसळ सिम्बॉलांऐवजी (म्हणजे एकत्र पाठवलेल्या बिटांच्या गटांऐवजी) सुट्या बिटांच्या पातळीवर केली तर विरत जाणाऱ्या सिग्नलवर ती जास्त लाभते, हे एफ्राइम झेहावी यांनी 1992 मध्ये दाखवले.

या सगळ्याची किंमत वेळात मोजावी लागते, कारण विखुरलेले बिट गोळा होईपर्यंत उलगडा करता येत नाही. डीएबी या डिजिटल रेडिओत बिट 24 मिलिसेकंदांच्या 16 फ्रेमवर, म्हणजे 384 मिलिसेकंदांवर पसरतात. त्यात ध्वनीच्या कोडिंगचा वेळ मिळवला की बीबीसीचे वेळेचे टोले डीएबीवर एफएमपेक्षा उशिरा पडतात.