निवृत्त फायरमनच्या डोक्यात काय चालू असतं?

पेटलेल्या इमारतीसमोर उभा असलेला अग्निशमन अधिकारी मनात पर्यायांची तुलना करत असेल, असं आपल्याला वाटतं. शिडी लावायची की जिन्याने शिरायचं, पाणी कुठून मारायचं वगैरे. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात अशा अधिकाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, तेव्हा निघालं भलतंच. बहुतेक वेळा तुलना झालेलीच नव्हती. समोरच्या खुणांवरून प्रकरण कसलं आहे हे त्यांना ओळखू यायचं. सुचलेला पहिला मार्ग ते मनातल्या मनात चालवून बघायचे आणि कामाला लागायचे.

ही ओळख पुस्तकातून येत नाही, वर्दीमागून वर्दी, म्हणजे आगीच्या बोलावण्यामागून बोलावणं, घेत अंगात मुरते. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ मिळतं. हेल्मेट, गमबूट, गणवेश सगळं जमा होतं. डोक्यातला हा साठा मात्र जमा करून घ्यायला कुणी बसलेलं नसतं.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर निवृत्ती ही सुटकाच आहे. घंटा वाजताच ताणाचं संप्रेरक अ‍ॅड्रिनॅलिन काही सेकंदांत रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक चढू लागतं. त्याची किंमत किती? हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानांचा वर्षातला जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, पण ड्युटीवर हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच वेळात झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २०२२ मध्ये हा पेशाच कर्करोगकारक ठरवला. त्यामुळे ‘थरार गेला म्हणून करमत नाही’ असं कुणी म्हटलं, तर थरार परत आणून देणं हा काही उपाय नव्हे.

मात्र घंटा थांबली म्हणून मज्जासंस्था लगेच थांबत नाही. वर्षानुवर्षं स्टेशनवर अर्धवट झोपलेला माणूस घरीही रात्री दोनला जागा होतो. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसतो. एवढ्यावर भागत असेल तर ती सवय म्हणायची. पण जुने प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नसतील, चिडचिड किंवा दारू वाढली असेल, तर तिथे छंद-बिंद उपयोगाचे नाहीत, उपचारच हवेत. सुरुवात म्हणून सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची मोफत फोनसेवा आहे.

दुसरी झीज सोबतीची. बराकीतला चहा, एकत्र जेवण, एकाच बंबावरची माणसं हे सगळं एका तारखेला संपतं. इंग्लंडमधल्या ४२४ निवृत्तांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तीआधी जे क्लब, मंडळ अशा दोन गटांत होते आणि नंतरही दोन्हींत टिकून राहिले, त्यांना पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचा धोका २ टक्के होता. एक गट सुटला तर ५ आणि दोन्ही सुटले तर १२ टक्के. अर्थात, तब्येत ढासळल्यामुळेच कुणी गट सोडला असेल, ही शंका असे अभ्यास पूर्ण पुसून टाकू शकत नाहीत.

म्हणून मला बाल्टिमोरचा प्रयोग जास्त पटतो. तिथे साठीपुढच्या इच्छुकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला प्रशिक्षण देऊन आठवड्याला सुमारे १५ तास प्राथमिक शाळांत काम दिलं. दोन वर्षांनी काही जणांचे मेंदूचे स्कॅन तुलनेसाठी घेतले. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये, वयानुसार आक्रसणारा हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा भाग आक्रसण्याऐवजी किंचित वाढलेला दिसला. नमुना छोटा होता, तरी त्या कामाचं स्वरूप पाहण्यासारखं आहे. ठरलेले तास, नेमकी भूमिका आणि वाट बघणारी पोरं. ‘कधीतरी या, मार्गदर्शन करा’ या आपल्याकडच्या निमंत्रणात यातलं काहीच नसतं.

निवृत्त फायरमनला असं काम कुठे मिळेल? मला वाटतं, त्याच्या स्वतःच्याच इमारतीत. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. कागद वेळेवर जातो. पण आग विझवायच्या पाण्याच्या नळीच्या, म्हणजे होजच्या, पेटीत झाडू आणि फिनेलची बाटली असते. जिन्याचं आगरोधक दार वारा यावा म्हणून कुंडी लावून उघडं ठेवलेलं असतं, म्हणजे धुराला वर जायला रस्ता मोकळा. रेफ्युज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसरा घ्यायला मोकळ्या ठेवायच्या जागेत, मोडका सोफा, लहान सायकली. आपण रोज तिथूनच जातो आणि आपल्याला काही दिसत नाही. त्या माणसाला लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकताच दिसतं. क्लाइन यांना मुलाखतींत सापडलेली नजर ती हीच. इथे तिला घंटाही लागत नाही आणि धूरही.

तो बोलला की मात्र ‘काका उगाच घाबरवतात’ म्हणून हसण्यावारी नेलं जातं, आणि दोनदा असं झालं की तो बोलणं सोडतो. तेव्हा सोसायटीच्या समितीने त्याला रीतसर ठराव करून नेमावं, जमलं तर मानधनही द्यावं. डिसेंबरात आणि जूनमध्ये त्याच्यासोबत गच्चीपासून तळमजल्यापर्यंत फिरावं, आणि यादीत जे निघेल त्याचा खर्च त्याच महिन्याच्या सभेत मंजूर करावा.