मोतीबिंदूसाठी रात्रभर भरती राहायची गरज नाही

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत नातेवाइकांना हमखास ऐकू येणारा सल्ला: "२४ तास भरती ठेवा, नाहीतर विम्याचे पैसे मिळत नाहीत." हे अर्धसत्य आहे, आणि त्यापायी सत्तरीतल्या आईला विनाकारण रात्र काढावी लागते, हे मला फार खटकतं.

२४ तासांची अट साध्या भरतीला असते. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी असे उपचार आता काही तासांत होतात. ते पॉलिसीत 'डे केअर' म्हणून येतात. सकाळी डोळ्याचं ऑपरेशन, दुपारी हिरवी पट्टी बांधून घरी, तरी क्लेम बसतो. मात्र नुसती ओपीडीतली तपासणी यात येत नाही. मोतीबिंदूला बहुधा प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ क्लेम न मिळणं) आणि रकमेची मर्यादाही असते, तेवढी आधीच वाचून घ्या.

आणखी एक. कॅशलेसमध्ये, म्हणजे कंपनी थेट दवाखान्याला पैसे देते तेव्हा, डिस्चार्जची अंतिम मंजुरी दवाखान्याची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत देणं विमा कंपनीवर बंधनकारक आहे. विमा नियामकाचा हा २०२४ चा नियम. उशिरामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे. काउंटरवर हे ठामपणे सांगा.