खाद्य लस
रोगजंतूच्या प्रतिजनाचे (शरीर ज्याविरुद्ध प्रतिकार उभारते त्या प्रथिनाचे) जनुक वनस्पतीत घालून तिचे फळ, कंद, पान किंवा बी खाल्ल्याने त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण व्हावी, अशी योजना असलेली लस. जनुक बहुधा ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतील जीवाणूमार्फत पोचवतात.

या कल्पनेचे जनकत्व सहसा अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स आर्न्ट्झेन यांना दिले जाते. त्यांच्या गटाने 1992 मध्ये तंबाखूत ‘कावीळ ब’ विषाणूचे पृष्ठप्रतिजन तयार केले. तथापि कर्टिस व कार्डिनो यांचे 1990 मध्ये प्रसिद्ध झालेले एकस्व (पेटंट) त्याआधीचे आहे. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचे प्रथिन त्यांनी तंबाखूत आणले होते. काही लेखक याहून मागे, 1989 च्या हियाट प्रभृतींच्या कामापर्यंत जातात. परंतु तेथे वनस्पतीत तयार झाली ती प्रतिपिंडे (रोगजंतूशी लढणारी शरीराची प्रथिने), प्रतिजन नव्हे, म्हणून त्याला लस म्हणणे सयुक्तिक वाटत नाही. कालक्रमाने पहिला मान कर्टिस-कार्डिनो यांचा. कल्पना माणसापर्यंत नेण्याचे श्रेय मात्र आर्न्ट्झेन व त्यांच्या सहकाऱ्यांचे. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई. कोलाय या जुलाब घडवणाऱ्या जीवाणूच्या विषाचा ब-घटक (विषाचा एक भाग) असलेला बटाटा 11 स्वयंसेवकांनी कच्चा खाल्ला (उष्णतेने प्रथिन बिघडते). 10 जणांच्या रक्तात प्रतिपिंडे चौपट वा अधिक वाढली.

खरी अडचण मात्रेची आहे. केळे कच्चे खाता येते, लहान मुलांनाही चालते, म्हणून त्यावर मोठी भिस्त होती. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात गणपती, बापट व सहकाऱ्यांनी केळीत ‘कावीळ ब’चे प्रतिजन आणले (2005). पानांत ते ग्रॅममागे जास्तीत जास्त 38 नॅनोग्रॅम भरले. मुलांच्या टोचण्याच्या लशीत साधारण 10 मायक्रोग्रॅम प्रतिजन असते. म्हणजे तेवढ्यासाठीच पाव किलोहून अधिक पाला लागेल. शिवाय जठरात प्रथिनाचा बराच भाग पचून जातो, त्यामुळे तोंडावाटे द्यायची मात्रा कितीतरी मोठी हवी. एकाच झाडाच्या दोन फळांतही प्रतिजन सारखे नसते. मात्रा चुकली, तर प्रतिकाराऐवजी शरीराला त्या प्रतिजनाची सवय होण्याचा, म्हणजे मौखिक सहिष्णुतेचा, धोका संभवतो.

यामुळे ‘फळ खा’ हा विचार मागे पडून मोजून देता येणारी पूड पुढे आली. टोकियो विद्यापीठाची पटकीविरोधी तांदळाची लस या प्रकारची असून ती शीतसाखळीवाचून (सतत थंड ठेवण्याच्या सोयीवाचून) टिकते. कॅनडाने 2022 मध्ये मान्य केलेली वनस्पतिजन्य कोविड लस मात्र टोचण्याचीच होती.