संदर्भ किंमत, औषधांची

एकमेकांऐवजी वापरता येतील अशा औषधांचा गट पाडून, त्या गटातील कोणत्याही औषधासाठी विमा निधी किंवा शासन जास्तीत जास्त किती रक्कम देईल हे ठरवण्याची पद्धत. विक्रीची किंमत यात बांधली जात नाही. उत्पादकाने ती चढी ठेवल्यास वरचा फरक रुग्ण भरतो. त्यामुळे हिला ‘किंमत नियंत्रण’ म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही, तरी तसा उल्लेख सर्रास आढळतो.

पद्धतीचा उगम सामान्यतः जर्मनीतील १९८९ पासून अमलात आलेल्या आरोग्य सुधारणा कायद्यात मानतात. कॅनडाने पेटंट असलेल्या औषधांच्या किमती तपासण्यासाठी १९८७ मध्ये मंडळ स्थापले, तेथून आरंभ धरण्याचाही एक प्रवाह आहे. मात्र हे मंडळ किंमत ७ परदेशांतील किमतींशी ताडून पाहत असे (२०२२ पासून ११ देश, अमेरिका व स्वित्झर्लंड वगळून). ही झाली बाह्य तुलना. दोन्हींना एकच नाव पडल्याने घोळ होतो. येथे अभिप्रेत असलेल्या अंतर्गत, म्हणजे देशातल्याच औषधांच्या गटावर आधारलेल्या, पद्धतीपुरते जर्मन उगमाचे मत अधिक ग्राह्य दिसते. नेदरलँड्सने ती १९९१ मध्ये, तर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९५ मध्ये स्वीकारली. नॉर्वेने १९९३ मध्ये स्वीकारून २००१ च्या सुमारास सोडून दिली.

जर्मनीत गटांचे तीन स्तर आहेत : एकच क्रियाशील घटक असलेली औषधे, घटक वेगळे पण औषधशास्त्रीय व उपचारदृष्ट्या तुलनीय, आणि केवळ उपचाराचा परिणाम तुलनीय असलेली, विशेषतः संयुक्त (एकाहून अधिक क्रियाशील घटकांची) औषधे. पहिल्या स्तरावर फारसा वाद नाही. ‘तुलनीय’ कशाला म्हणायचे, इथेच घोडे अडते. डॉक्टर, रुग्णालये व विमा निधी यांच्या संयुक्त समितीने कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा एकच गट केला. आपले ॲटोरव्हास्टॅटिन सरस असल्याचे सांगून फायझरने २००५ मध्ये किंमत उतरवण्यास नकार दिला. फरक रुग्णांवर पडू लागताच डॉक्टरांनी गटातील दुसरी औषधे लिहून दिली आणि कंपनीचा तेथील खप कोसळला.

बचत बहुधा सुरुवातीलाच पदरात पडते. मर्यादेखालच्या औषधांना आणखी उतरण्याचे कारण उरत नाही, आणि औषधांचा एकूण वापर या पद्धतीने आटोक्यात येत नाही. बाह्य तुलनेत अडचण निराळी : गुप्त सवलतींमुळे छापील किंमत खरी नसते, आणि स्वस्त देशातील किंमत इतरत्र आधार ठरेल म्हणून कंपन्या तेथे औषध उशिरा आणतात.

ज्या नव्या औषधाला तुलनीय जोडीदारच नाही, तेथे ही पद्धत निरुपयोगी. जर्मनीने २०११ पासून अशा औषधांचा जादा लाभ आधी तपासून मग किंमत वाटाघाटीने ठरवण्याची सोय केली. जादा लाभ न आढळल्यास शक्य असेल तेव्हा औषध संदर्भ गटातच घातले जाते.