चेक : पटावरच्या शहापासून बँकेच्या कागदापर्यंत

बँकेत भरायचा चेक, चेक्सचा शर्ट, टायरमधली हवा चेक करणे आणि मुलुंडचा चेकनाका. या चारही 'चेक'चे मूळ बुद्धिबळात आहे.

फारसीत 'शाह' म्हणजे राजा. राजावर मारा आला की प्रतिपक्षी 'शाह' म्हणून इशारा देई. हा शब्द अरबीतून युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि 1300च्या सुमारास इंग्रजीत 'चेक'. आपला 'शह' थेट फारसीतून आला. म्हणजे शह आणि चेक ही एकाच घरातली भावंडे. शह बसला की बाकीचे बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. त्यावरून चेक म्हणजे रोखणे, आणि पुढे बऱ्याच काळाने तपासणे. चेकनाक्यावर हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते : जकातीसाठी गाडी अडवायची, मग आतला माल बघायचा. 2017मध्ये मुंबईतली जकात गेली, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

चौकटीचा अर्थ पटावरून आला आणि तो थेट राजाच्या खजिन्यात पोचला. मला या शब्दाच्या प्रवासातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. बाराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने हिशेबाच्या मेजाचे वर्णन लिहून ठेवले आहे. मेज सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद. काठ चार बोटे उंच, म्हणजे वरचे काही घरंगळू नये. त्यावर रेघा आखलेले काळे कापड. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार असे रकाने, आणि त्यांत सोंगट्या मांडून शेरीफांच्या, म्हणजे राजासाठी परगण्यांतून वसुली करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, वसुलीचा हिशेब व्हायचा. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी किचकट. इथे सोंगटी सरकवली की काम भागे, आणि शून्याचे चिन्ह नसले तरी रिकामा रकाना तेच सांगे. मेज पटासारखे दिसे म्हणून खात्याचेच नाव 'एक्स्चेकर', म्हणजे मुळात बुद्धिबळाचा पट, असे पडले. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवले जातात.

बँकेचा चेक त्या मानाने अलीकडचा. अठराव्या शतकात चेक म्हणजे नोंदीसाठी मागे राहणारी स्थळप्रत, बनावट कागदांना आळा घालणारी. हळूहळू ते नाव मूळ कागदालाच चिकटले. एक्स्चेकरच्या प्रभावाने ब्रिटिशांनी त्याचे स्पेलिंग वेगळे (cheque) केले, अमेरिकनांनी साधेच (check) ठेवले. भारताच्या 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये अर्थातच ब्रिटिश स्पेलिंग आहे.